नव-अभिजात संप्रदाय वेगळा का मानावा?

विधिजिज्ञासा (प्रश्न):
गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक्रमात अभिजात आणि नव-अभिजात हे दोन संप्रदाय स्वतंत्र दाखवलेले असतात. इटालियन विचारवंत बेक्कारिया यांचा १७६४ सालचा शिक्षाविषयक निबंध आणि इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम यांचे विवेचन वाचल्यावर अभिजात भूमिका समजते: माणूस सुखदुःखाचा हिशेब करून स्वेच्छेने वागतो, म्हणून शिक्षेचे दुःख गुन्ह्याच्या लाभापेक्षा थोडे अधिक असले की पुरे. पण नव-अभिजात विचारवंतही इच्छास्वातंत्र्य मानतातच. लहान मुले आणि मनोरुग्ण यांना सवलत द्यावी, एवढीच त्यांची भर दिसते. दोनचार अपवादांसाठी स्वतंत्र संप्रदाय कशाला मानायचा?

साक्षेपी:
तुमची शंका रास्त आहे, कारण पाठ्यपुस्तके फरक चुकीच्या जागी दाखवतात. फ्रान्सच्या १७९१ च्या दंडसंहितेतही सोळा वर्षांखालील आरोपीला कृत्याची समज होती काय, हे ज्युरीला ठरवावे लागे. म्हणजे वयाची सवलत अभिजात काळातच होती. खरा फरक न्यायाधीशाच्या अधिकारात आहे.

क्रांतीपूर्वी त्या देशात एकाच गुन्ह्याला आरोपीचा दर्जा आणि न्यायाधीशाची मर्जी पाहून वेगवेगळी शिक्षा होत असे. या मनमानीचा लोकांना इतका तिटकारा आला होता की १७९१ च्या संहितेने प्रत्येक गंभीर गुन्ह्याची शिक्षा वर्षांसकट ठरवून टाकली आणि राजाचा माफीचा अधिकारही काढून घेतला. ज्युरीने आरोपीला दोषी ठरवले की न्यायाधीशाने संहितेतली शिक्षा सांगायची, एवढेच काम उरले. न्यायाधीशाने फौजदारी कायद्याचा अर्थ लावू नये, असे बेक्कारिया यांनी म्हटलेच होते. परिणामी, भुकेपोटी घर फोडणारा आणि हावेपोटी घर फोडणारा, दोघांच्या वाट्याला सारखीच वर्षे आली.

१८१० च्या संहितेने पुष्कळ गुन्ह्यांना किमान आणि कमाल मर्यादा घालून दिल्या. तरीही शिक्षा जड वाटली की ज्युरी पुराव्याकडे डोळेझाक करून आरोपीला सोडून देत. अखेर १८३२ च्या कायद्याने सर्व गंभीर गुन्ह्यांत सौम्यकारी परिस्थिती, म्हणजे शिक्षा कमी करण्याजोगी कारणे, मान्य करण्याचा अधिकार ज्युरीलाच दिला. नव-अभिजात विचार खऱ्या अर्थाने कायद्यात उतरला तो इथे.

दंडविचार:
साक्षेपी यांच्याशी सहमत आहे, पण एक पुरवणी जोडणे मला अगत्याचे वाटते. बेक्कारिया यांचे नाव कठोर शिक्षेशी जोडले जाते, हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी छळाला आणि देहदंडाला विरोध केला, आणि तोही वयाच्या पंचविशीत. पुढे १७८६ मध्ये इटलीतल्या टस्कनी राज्याने देहदंड रद्दही केला. शिक्षेचा धाक तिच्या क्रौर्यामुळे नव्हे, तर ती चुकणार नाही आणि लवकर होईल या खात्रीमुळे बसतो, हा त्यांच्या निबंधाचा गाभा आहे. या दृष्टीने १८३२ ची सुधारणा त्यांच्या विरोधात जात नाही. जड शिक्षेमुळे आरोपी सुटत असतील तर शिक्षेची खात्रीच उरत नाही, आणि विवेकाधिकाराने, म्हणजे परिस्थिती पाहून शिक्षा कमी करण्याच्या मोकळिकीने, निदान ती खात्री परत आणली.

जुना वकील:
आपल्याकडचे उदाहरण घेतल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १८६० च्या भारतीय दंड संहितेने बहुतेक गुन्ह्यांना फक्त कमाल शिक्षा नेमली आणि बाकीचे न्यायाधीशावर सोपवले. कलम ३०३ मात्र याला अपवाद होते: जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केला तर फाशीशिवाय पर्यायच नव्हता. त्याला तुरुंगात कोणी डिवचले होते काय, खून कोणत्या परिस्थितीत झाला, यातले काहीच न्यायाधीशाला विचारात घेता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात संविधानाच्या अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीविताचा हक्क) यांच्या आधारे ते कलम रद्द केले. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०४ मध्ये आता अशा खुनासाठी उर्वरित आयुष्यभराच्या कारावासाचाही पर्याय आहे.

पण १७९१ च्या लोकांची भीती निराधार नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. बच्चन सिंग खटल्यात १९८० मध्ये बहुमताने फाशी दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांपुरती ठेवली, तेव्हा न्यायमूर्ती भगवती यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले. फाशी की जन्मठेप हे ठरवण्यासाठी कायद्याने कसोटीच दिलेली नसेल, तर आरोपीचा जीव त्याचा खटला कोणत्या न्यायाधीशांपुढे चालतो यावर अवलंबून राहतो, असा त्यांचा आक्षेप होता. विवेकाधिकार हवाच, असे मीही मानतो; पण या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर आपल्या न्यायालयांनी अजून दिलेले नाही.