पत्र्यापेक्षा खांबांचा हिशेब आधी करावा
कुंपणाची लांबी मोजून तिला रनिंग फुटाच्या दराने गुणले की अंदाजपत्रक तयार झाले, हे गणित खाडीकाठी अपुरे पडते. नवी मुंबईत खाडीकाठच्या ऐरोलीत आमच्या रो-हाऊसला सलग पत्र्याचे कुंपण होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गुजरातकडे गेले, तेव्हा पत्रा शाबूत राहिला, पण जेमतेम फूटभर पुरलेले खांब तळच्या काँक्रीटच्या गोळ्यांसकट उपटून आले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो आणि सलग पत्रा तो सगळा भार खांबांवर टाकतो. तारा गुंफून केलेल्या चेनलिंक जाळीतून मात्र बराचसा वारा निघून जातो. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही जाळी घेतली आणि वाचलेले पैसे खोल खड्डे व काँक्रीट यांवर घातले.

कोटेशनमध्ये आणखी एक खर्च हमखास राहून जातो. गॅल्व्हनाइज्ड पाइपला वेल्डिंग केले की सांध्यावरचा जस्ताचा थर जळतो आणि खाऱ्या हवेत गंज नेमका तिथूनच सुरू होतो. आमचे पहिले गेट दोन पावसाळ्यांतच बिजागरीपाशी कुजले होते. सांधे घासून त्यांवर झिंक प्रायमर लावण्याचे काम कृपया कोटेशनमध्ये वेगळे लिहून घ्यावे.