मदत हवी आहे: अधूनमधून वापरायच्या फोनसाठी परवडणारा रिचार्ज

नमस्कार. माझी आई संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी एकटी राहते. तिच्याकडे टू-जीवर चालणारा बटणांचा साधा फोन आहे. ती स्वतः क्वचितच कोणाला फोन लावते. मात्र आमचे फोन तिला येत राहणे आणि बँकेचे ओटीपी मिळणे अत्यावश्यक आहे, कारण बँक खाते, आधार आणि गॅस सिलिंडरची नोंदणी या सर्वांना हाच क्रमांक जोडलेला आहे. इंटरनेटचा तिला काडीचाही उपयोग नाही.

सध्या बाजारपेठेतील दुकानदार दर २८ दिवसांनी १९९ रुपयांचा डेटासह रिचार्ज मारून देतो. कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असल्यामुळे वर्षातून १३ रिचार्ज होतात आणि एकूण २,५८७ रुपये जातात. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल व एसएमएससाठीचे व्हाउचर देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि मुदतीची कमाल मर्यादा ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ४६९ रुपयांत ८४ दिवसांचा आणि १,८४९ रुपयांत ३६५ दिवसांचा पॅक आणला. दुसरा घेतल्यास दिवसाला साधारण पाच रुपये पडतात. जिओचेही असे पॅक निघाले होते, परंतु त्यांचे टू-जी नेटवर्कच नसल्याने हँडसेट बदलावा लागेल. आणि हिरवे बटण कुठे आहे हे न बघता दाबणाऱ्या बाईच्या हाती नवा फोन देण्याची माझी तयारी नाही.

तरीही ज्या फोनवरून जवळजवळ बोललेच जात नाही, त्यासाठी अमर्याद कॉलचे पैसे एकरकमी भरणे जिवावर येते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर वापर नाही या कारणास्तव क्रमांक बंद करता येत नाही, असा 'ट्राय'चा जुना नियम आहे. पण माझ्या समजुतीप्रमाणे तो क्रमांक राखण्यापुरताच आहे. पॅक संपल्यावर येणारे फोन चालू ठेवण्याची हमी त्यात नाही.

म्हणून जाणकारांना विचारायचे आहे, की पॅकची मुदत संपल्यानंतर येणारे कॉल आणि बँकेचे एसएमएस प्रत्यक्षात किती दिवस चालू राहतात? १९०० वर संदेश पाठवून क्रमांक बीएसएनएलकडे नेण्याचाही विचार आहे, तेव्हा संगमेश्वर-देवरुख भागात, विशेषतः पावसाळ्यात वीज गेल्यावर, त्यांची रेंज टिकते का? आईचा फोन घरात फक्त पडवीच्या खिडकीशीच लागतो, त्यामुळे चार पैसे वाचवताना तेवढीही रेंज गमवायची नाही. कृपया कंपनी, रिचार्जची रक्कम आणि आपण तो कधी केला, हे उत्तरात नमूद करावे; दर वरचेवर बदलत असल्याने जुन्या आकड्यांवरून घोटाळा होतो.