मदत हवी आहे : थंड इंजिन पहाटे मिसिंग करतंय, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवण्याआधी काय तपासू?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ची, पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगला ठिणगीसाठी वेगळी कॉइल. ९२ हजार किमी झालेत. आम्ही निफाडला राहतो, गाडी रात्रभर अंगणात असते आणि इथली डिसेंबर-जानेवारीची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. आईला आठवड्यातून दोनदा पहाटे डायलिसिससाठी नाशिकला न्यावं लागतं. गाडी वाटेत बंद पडली तर फार पंचाईत होईल, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

पहिल्या सेल्फला गाडी चालू होते आणि लगेच थरथरायला लागते. सायलेन्सरमधून मध्येच एक ठोका गळल्यासारखा फट् फट् आवाज येतो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. दीड-दोन मिनिटांत सगळं शांत. मग दिवसभर काही तक्रार नाही. इंजिन रात्रभर थंड झालं असेल तरच हा त्रास.

गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली. फरक शून्य. स्कॅनरवर कोड पी०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग करतोय, त्यातलं पेट्रोल मध्येच पेटत नाही. मी दुसरी आणि तिसरी कॉइल आपसात बदलली. कॉइल खराब असती तर कोड तिसऱ्यावर गेला असता, पण तो दुसऱ्यावरच राहिला. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) टेंपरेचर सेन्सर पहाटे ९ अंश दाखवतो, बाहेरही तेवढंच होतं.

काल गाडी चालू न करता प्लग काढले. तिघांची टोकं फिकट तपकिरी. दुसऱ्याचं टोक मात्र धुतल्यासारखं पांढरं, आणि बॅटरीच्या उजेडात इलेक्ट्रोडपाशी ओल दिसली. वास घेतला तर पेट्रोलचा नव्हता. कूलंटची टाकीही महिन्याभरात बोटभर उतरलीय, खाली फरशीवर डाग नाही.

मेकॅनिक म्हणतात, थेट हेड उतरवू. एवढा खर्च करण्याआधी खात्री कशी करू? इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) गळत असेल का?

प्रतिसाद :

दादा, इंजेक्टर गळत असता तर टोक काळपट आणि पेट्रोलचा दर्प आला असता. धुतलेला प्लग आणि उतरणारं कूलंट एकत्र दिसलं की माझा पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉकमधल्या पॅकिंगवर. इंजिन बंद केल्यावर कूलंटमधला दाब बराच वेळ टिकतो, सिलिंडरमध्ये मात्र दाब नसतो. मग बारीक फटीतून थेंब थेंब आत उतरतो. पहाटे ओल्या टोकावर ठिणगी नीट पडत नाही. दोन मिनिटांत ती ओल वाफ होऊन निघून जाते, शिवाय धातू तापून फुगला की फटही आवळते.

रात्री इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावा आणि झाकणावर छापलेल्या दाबाइतकीच हवा भरा. सकाळपर्यंत तसंच ठेवा. मग सेल्फ न मारता प्लग काढून बोअरस्कोपने (प्लगच्या भोकातून आत जाणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने) पिस्टनचा माथा बघा. तिथे कूलंट दिसलं तर वाद संपला. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसते का तेही बघा, पण ती नाही म्हणजे गॅस्केट ठीक, असं धरू नका.

आणि कळकळीने सांगतो, तोवर ही गाडी आईंसाठी नेऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी जास्त साचलं तर सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. दिवा लुकलुकत असताना चालवली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तोही जळू शकतो.

धागाकर्ता :

टेस्टर भाड्याने आणून लावला. रात्री १.१ बारवर ठेवलेला काटा सकाळी ०.६वर आला होता. दुसऱ्या पिस्टनवर हिरवा थेंब स्पष्ट दिसला, बाकी तिन्ही कोरडे. तुमचे उपकार विसरणार नाही. पुढच्या दोन फेऱ्यांसाठी शेजारच्या काकांनी त्यांची गाडी देऊ केलीय.

आता हेड उतरवायचं ठरलंय. मेकॅनिक म्हणतात नुसतं पॅकिंग बदलू, फेसिंगची (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करायची) गरज नाही, जुने बोल्ट चालतील. हेडची पातळी सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) माझ्यासमोर तपासून घ्यायचा आग्रह धरू ना? आणि बोल्ट नवेच घ्यावेत का? सोमवारी काम सुरू होतंय, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.