मदत हवी आहे: व्हीलचेअरवर बसणाऱ्या भावासाठी पोटाचा पट्टा घरी शिवायचाय

सुईदोरा:

नमस्कार मंडळी. मी अकोल्यात राहते, अकरा वर्षं झाली ब्लाउज आणि ड्रेस शिवते, म्हणजे कटिंग-शिलाईतलं कळतं. पण आता जे शिवायचंय ते मी कधी शिवलेलं नाही आणि ओळखीत पण कुणी शिवलेलं नाही म्हणून इथे विचारतेय. थोडं लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी काय कळणार.

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये विहिरीत सूर मारला, पाणी पार खाली गेलेलं होतं, मान मोडली. सी-६ लेव्हलची स्पायनल कॉर्ड इंज्युरी, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा. खांदे चालतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं, पण बोटं चालत नाहीत आणि छातीखाली स्पर्श कळत नाही. खुर्चीत बसवलं की बीपी खाली जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज एकदम बारीक होतो. फिजिओंनी पोटाला पट्टा बांधायला सांगितला आणि खरंच बांधला की फरक पडतो, दोन-दोन तास बसतो, आवाज मोकळा निघतो, खोकला पण जोरात येतो. त्यामुळे पट्टा हवाच.

अडचण अशी की दुकानातून आणलेला पट्टा जाड रबरासारख्या कापडाचा आहे. इथे मे महिन्यात ४४-४५ डिग्री असतं आणि त्याला मानेखाली घामच येत नाही, त्यामुळे अंग तापत जातं. दोन वेळा ताप आला म्हणून डॉक्टरांकडे पळालो, इन्फेक्शन काही निघालं नाही, पट्टा काढून ओल्या फडक्याने पुसलं तर तासाभरात अंग निवलं. दुसरं म्हणजे कमरेच्या हाडावर लाल वळ उठला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. त्याला कळतच नाही ना तिथे, मी आंघोळीला घेतलं तेव्हा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला.

मग मी स्वतः शिवायला घेतलं. पहिला लेगिंगच्या कॉटन-लायक्राचा डबल केला, दिसायला छान पण अर्ध्या तासात ढिला, पोट पुढे तसंच. दुसरा सहा इंची रुंद इलॅस्टिकचा, तो बसल्यावर वरून गुंडाळला जाऊन दोरीसारखा झाला. तिसरा पुढून मांजरपाट आणि बाजूला इलॅस्टिक असा केला, घट्ट बसला पण दहा मिनिटांत म्हणाला, "ताई, मले दाटून येऊन राह्यलं, काढ हे." तेव्हापासून हात लावायची भीती वाटतेय.

मापं देते, सगळी इंचात. झोपवून घेतलेली: शेवटच्या बरगडीखाली ३०, बेंबीवर ३१½, कमरेच्या हाडावर ३४½. बसल्यावर बेंबीवर ३५ भरतं. बरगडीपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत उंची झोपून १०½. पट्टा मी १०½ च ठेवला होता.

मला विचारायचंय की मापापेक्षा किती कमी कापायचं? ब्लाउजला आपण लूज धरतो, इथे उलटं करायचंय आणि उलटं किती याचा काही हिशोब असतो का, का नुसता अंदाज? कापड कुठलं घेऊ? माझं मशीन पायाचं जुनं आहे, झिगझॅग नाही, तर चालेल का? आणि अजून एक. तो म्हणतो की पट्टा मला माझा उघडता आला पाहिजे. बोटं चालत नसताना हे कसं करायचं मला सुचत नाहीये, पण त्याने स्वतःहून काहीतरी मागितलंय या वर्षात पहिल्यांदा, तर ते करायचंच आहे.

गोदाकाठ:

ताई, मी सी-७, नाशिकचा, खुर्चीवर नऊ वर्षं झाली. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. सी-६ वाल्याला मनगट वर उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात, हे त्याला फिजिओने दाखवलं असेलच. तर वेल्क्रोच्या टोकाला एक कडी लावायची, निवाराची किंवा जीन्सच्या कापडाची, अंगठा पूर्ण आत जाईल एवढी मोठी आणि उभी राहील अशी कडक. मऊ पट्टीची केली तर ती चपटी पडून राहते आणि अंगठा शोधत बसतो. अंगठा अडकवायचा आणि खांद्याने हात बाहेर ओढायचा, ताकद खांद्यातून येते, बोटांची गरजच नाही. मी रोज असंच उघडतो.

आणि हे नुसतं त्याच्या समाधानासाठी नाही हां. आमच्यासारख्यांना शरीराच्या खालच्या भागात काही टोचलं, आवळलं, लघवी तुंबली की ते कळत नाही पण बीपी भसकन चढतं, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. मला एकदा पँटच्या बटणामुळे झालंय. अशा वेळी पट्टा एका झटक्यात निघाला पाहिजे, म्हणून हूक आणि नाडी कृपया लावूच नका.

उन्हाळ्यासाठी माझा उपाय: आत सुती बनियन उलटा घालायचा म्हणजे शिवण बाहेर, आणि पाण्याचा स्प्रे जवळ ठेवून हात-तोंड-छाती भिजवत राहायचं, समोर पंखा. घाम येत नाही ना, मग घामाचं काम पाण्याकडून करून घ्यायचं. पण पट्ट्याखालचा बनियन ओला राहू देऊ नका, ओल्या कातडीला लवकर लागतं.

रेवा:

मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय फिटिंगचं नक्की सांगता येणार नाही, त्यामुळे शिवून झाल्यावर पहिल्यांदा बांधताना तुमचे फिजिओ समोर असू द्या.

तुमच्या तिसऱ्या पट्ट्यात काय चुकलं ते तुमच्या मापातच दिसतंय. १०½ उंची झोपून घेतली आहे. बसल्यावर बरगड्या आणि कंबर जवळ येतात, मग जास्तीचा पट्टा जाणार कुठे, वर बरगड्यांवर चढणार. त्याला श्वास घ्यायला छातीचे स्नायू नाहीत, सगळी भिस्त पोट आणि छातीमधल्या पडद्यावर आहे आणि तुम्ही नेमकी खालची बरगडी आवळलीत, म्हणून दाटून आलं. घेर झोपवून घ्या, उंची बसवून घ्या. वरची कड शेवटच्या बरगडीच्या खाली राहिली पाहिजे आणि खालची कड कमरेच्या पुढच्या दोन हाडांना धरून, म्हणजे पट्टा वर सरकत नाही.

पट्ट्याने नेमकं काय होतं तेही सांगते म्हणजे तुम्हाला कापताना अंदाज येईल. आपण झोपलो की श्वास थोडा कमी भरतो आणि बसलो की जास्त, या पेशंटचं उलटं असतं. बसल्यावर पोटाची भिंत ढिली असल्याने आतडी पुढे-खाली येतात, पडदा त्यांच्याबरोबर खाली येऊन चपटा होतो, मग त्याला खाली जायला जागाच उरत नाही. पट्टा पोट आत आणि वर धरतो, पडदा पुन्हा घुमटासारखा होतो. पोटात साचणारं रक्त पण थोडं कमी होतं म्हणून अंधारी येत नाही. त्यामुळे जोर खालून वर असा हवा, खाली घट्ट आणि वर सैल. बांधतानाही झोपवून, खालून सुरुवात करून, आणि मग खुर्चीत. रात्री काढायचा.

गोदाकाठ यांनी सांगितलंय ते फार महत्त्वाचं आहे. टी-६ (छातीच्या मागचा सहावा मणका) किंवा त्यावरच्या इजेत असं बीपी चढू शकतं. या लोकांचं नेहमीचं वरचं बीपी बऱ्याचदा ९० ते १०० च असतं, त्यामुळे १३० दिसलं तर नॉर्मल आहे म्हणून सोडून देऊ नका. लगेच बसतं करा, पट्टा आणि कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का बघा, आणि उतरत नसेल तर तडक दवाखाना.

कातडीसाठी: पहिल्या दिवशी अर्धा तासच, मग काढून सगळीकडे नीट बघायचं, आरसा घेऊन मागेसुद्धा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या जागी पट्टा बदलायचा, सवय होईल म्हणून थांबायचं नाही.

कापडमास्तर:

मी होजिअरी युनिटमध्ये पॅटर्न कटिंग केलंय बरीच वर्षं, आता सोलापुरात असतो. सुईदोरा ताई, हिशोब आहे आणि तुम्हाला घरी करता येईल असा आहे.

पट्टा अंगावर किती दाब देतो ते दोन गोष्टींवर ठरतं, कापड किती ताणलंय आणि ती जागा किती गोल आहे. ताण भागिले त्रिज्या. पोटरीचा घेर ३२ सेंटिमीटर आणि पोटाचा ८० धरला तर त्रिज्या अडीच पट झाली, म्हणजे तेच कापड तेवढंच ताणलं तरी पोटावर पोटरीच्या ४० टक्केच दाब पडतो. तुमचं लेगिंगचं कापड पायावर घट्ट वाटतं आणि पोटावर निकामी ठरलं ते यामुळे. आणि कमरेच्या हाडाचा उंचवटा म्हणजे अगदी लहान त्रिज्या, तिथे तोच ताण चावतो, म्हणून वळ. पाठीच्या खळग्यात तर पट्टा टेकतच नाही.

आता प्रयोग. वुव्हन इलॅस्टिक घ्या तीन इंची, जे ओढल्यावर रुंदीला बारीक होत नाही ते. वेणीसारखं गुंफलेलं (ब्रेडेड) घेऊ नका, ते ओढलं की अरुंद होतं. त्याचा तुकडा वर खिळ्याला लावा, वरून दहा इंचावर खूण करा आणि खाली सव्वा किलो वजन लटकवा, एक लिटर आणि पाव लिटरची पाण्याची बाटली एकत्र बांधली की झालं. तुमच्या ३०-३१ इंच घेरावर तीन इंची पट्टीत सव्वा किलोचा ताण असला तर दाब साधारण १० मिलिमीटर पाऱ्याएवढा येतो. सुरुवातीला एवढा धरा, पुढे किती वाढवायचा ते रेवा ताई किंवा तुमचे फिजिओ सांगतील. दहा इंचाचं किती झालं ते लिहून ठेवा, रात्रभर तसंच टांगा आणि सकाळी परत मोजा, कारण चांगलं इलॅस्टिक सकाळी फार बदलत नाही आणि हलकं असेल तर तिथेच कळतं.

एकच रुंद पट्टी नको, ती गुंडाळणारच. तीन पट्ट्या एकावर एक, अर्धा इंच चढवून, म्हणजे उंची आठ इंच होईल. प्रत्येक पट्टीचा घेर वेगळा कापता येतो, वर ३० आणि खाली ३४½ हा फरक एका पट्टीत कसा मावणार? पुढचा आणि मागचा भाग न ताणणारा, मांजरपाट किंवा पॉपलीन डबल, आधी पाण्यात भिजवून आटवून घ्या. इलॅस्टिक फक्त दोन्ही कुशींना.

झिगझॅगची काळजी सोडा. इलॅस्टिक आणि कापडाचा जोड उभा आहे, ताण आडवा आहे, त्या टिपेला लांबीत ताणायचंच नाहीये, साध्या टिपेने अजिबात तुटणार नाही. पट्टीवर पट्टी चढते तिथे मात्र सबंध टीप मारू नका, ती आडवी आहे, ताणली की तुटेल, तिथे फक्त दोन टोकांना पक्कं करा. दोरा पॉलिस्टर, सुई १६ नंबर. माया आत दुमडू नका, कापडावर कापड चढवून सपाट जोड करा आणि सगळ्या कडा बाहेरच्या बाजूला. गुंडाळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालायच्या असतील तर पुढे बेंबीच्या दोन्ही बाजूला, टोकं गोल घासून, वर जाड कापड लावून. मागे आणि हाडावर बिलकुल नाही.

सुईदोरा:

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू. काल रात्रीच खिळ्याला बाटल्या टांगल्या, आई विचारत होती हे काय मांडलंय. दोन प्रकारची इलॅस्टिकं आणली होती, एक सकाळी १४ इंच झालेलं होतं आणि लोंबत होतं, ते बाद. दुसरं दहाचं साडेबारा झालं आणि सकाळी पण साडेबाराच.

आज बसवून उंची घेतली तर ८ च भरली, म्हणजे मी अडीच इंच जास्तीचं त्याच्या बरगड्यांवर चढवत होते. वाईट वाटलं खूप.

कापडमास्तर, हिशोब तपासाल का? पुढे ८ आणि मागे ८ न ताणणारं, म्हणजे १६. वरच्या पट्टीला ३० मधून १६ गेले, उरले १४, ते ताणल्यावरचे, म्हणून भागिले १.२५ केलं तर ११.२, एका कुशीला ५.६. मधली ६.२, खालची ७.४. वर सैल ठेवायचंय म्हणून वरची मी ६ घेतेय. बरोबर ना? आणि खालच्या कडेला पुढे दोन्ही मांड्यांच्या जागी गोलाई काढतेय, बसल्यावर मांडी अडते म्हणून.

कापडमास्तर:

हिशोब बरोबर. शिवणीची माया वेगळी धरा, दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच. खालच्या पट्टीत हाड येतं तिथे आतून मऊ फलालीन लावा पण हाडाच्या बरोबर वर नको, हाडाभोवती, म्हणजे हाड खळग्यात बसेल आणि दाब आजूबाजूच्या मांसावर जाईल. वेल्क्रोची काटेरी बाजू बाहेर तोंड करून, मऊ बाजू अंगाकडे.

रेवा:

गोलाई काढताय ते उत्तम. मुंबईला कधी येणं झालं तर हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, तिथे पट्टे-बूट बनवणारा स्वतंत्र विभाग आहे, तुमचा शिवलेला पट्टा घेऊन जा आणि त्यांना दाखवा.

सुईदोरा:

कळवते. रविवारी फिजिओ घरी आले होते, त्यांच्यासमोर झोपवून खालून वर बांधला आणि खुर्चीत घेतलं. बीपी आधी ८६ यायचं ते ९८ राहिलं. अर्ध्या तासाने काढून बघितला, हाडावर फिकट लाली होती ती वीस मिनिटांत गेली. डाव्या कुशीत खालच्या जोडाजवळ एक रेघ उठलीय, तिथली टीप उसवून परत सपाट करतेय.

गोदाकाठ दादा, कडीबद्दल एक विचारायचं होतं. जीन्सच्या कापडाची दीड इंची केली, उजव्या बाजूला. तिसऱ्या प्रयत्नात अंगठा अडकला आणि वेल्क्रोचा आवाज आला तसा तो हसला. पण म्हणतो उजवं मनगट लवकर थकतं, डावीकडे कर. डावीकडे केली तर पट्टा उजवीकडून डावीकडे आणून बांधावा लागेल, म्हणजे पुढचा भाग पूर्ण उलटा कापायचा, का फक्त कडी लांब पट्टीवर घेऊन डावीकडे आणता येईल? तुमची कशी आहे? जमलं तर तिची लांबी-रुंदी मोजून सांगाल का.