सिंग्युलर मॅट्रिक्स: जीमिन वाढवून का भागत नाही

शिरोलीच्या फाउंड्रीतल्या इंडक्शन भट्टीचं मॉडेल स्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) चालवताना 'सिंग्युलर मॅट्रिक्स' ही एरर येते, म्हणजे सर्किटच्या समीकरणांना एकच ठाम उत्तर मिळत नाही. त्यावर जीमिन (जंक्शनला समांतर धरलेली अगदी छोटी वाहकता) आणि रेलटॉल (उत्तरात चालणारी सापेक्ष चूक) ही सेटिंग वाढवायचा सल्ला आलाय, तो इथे लागू पडत नाही. कन्व्हर्जन्सचा, म्हणजे उत्तर एका आकड्यावर स्थिरावण्याचा, प्रश्न वेगळा आणि सिंग्युलर मॅट्रिक्स वेगळा. जीमिन डायोड-ट्रान्झिस्टरच्या जंक्शनवरच बसतो. नुसत्या कॉइल-कपॅसिटरच्या नोडला (जोडबिंदूला) त्याचा आधार मिळत नाही. मॅचिंग ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, कपॅसिटर बँक आणि भट्टीची कॉइल हा सगळा लूप ग्राउंडपासून तुटलेला आहे. डीसीला त्याचं व्होल्टेज ठरणार कशावरून? सेकंडरीच्या एका टोकापासून ग्राउंडला १० मेगओहम लावा. बँकेत दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतील तर मधला नोडही तरंगतो, म्हणून प्रत्येकाला समांतर १० मेगओहम द्या. व्हॅल्यू लिहिताना मात्र सांभाळा: स्पाइसमध्ये नुसता 'एम' म्हणजे मिली, मेगसाठी 'मेग' असंच पूर्ण लिहावं लागतं. नाहीतर १० मिलीओहमने बँकच शॉर्ट होते आणि चूक दिसतही नाही.

एवढं करूनही एरर राहिली तर उलटी बाजू बघा. आदर्श व्होल्टेज सोर्सला थेट समांतर कॉइल असेल तर डीसीला तो शॉर्टच. एलटीस्पाइस (स्पाइसचाच एक प्रकार) साध्या इंडक्टरला आपणहून १ मिलीओहम सिरीज रेझिस्टन्स देतो, पण 'के' स्टेटमेंटने (चुंबकीय कपलिंग सांगणारी ओळ) जोडलेल्या वाइंडिंगना देत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला तो हाताने टाका. एररमध्ये नोडचं नाव येतं, शोध तिथूनच सुरू करा.