पॅकेज्ड एसीखाली साचणारे पाणी
बेळगावच्या टिळकवाडीतील आपल्या सभागृहाच्या पॅकेज्ड एसीखाली (मोठ्या जागा थंड करणाऱ्या यंत्राखाली) पावसाळ्यात पाणी साचते आणि तंत्रज्ञ गॅस भरायला सांगतात, असे आपण लिहिले आहे. गॅसवर खर्च करण्यापूर्वी निचऱ्याची नळी तपासावी, असा माझा आग्रह आहे.

बहुतेक पॅकेज्ड यंत्रांत ब्लोअर, म्हणजे पंखा, हवा थंड करणाऱ्या कॉइलच्या नंतर बसवलेला असतो आणि कॉइलमधून हवा ओढतो, त्यामुळे कॉइलखालच्या ट्रेमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो आणि नळीला यू आकाराचा, पाणी धरून ठेवणारा बाक (ट्रॅप) नसेल, तर हवा नळीतून आत खेचली जाऊन पाणी ट्रेमध्येच अडून राहते. खानापूर रस्त्यावरील एका कार्यालयात यंत्र चालू असताना मी नळीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरली, तेव्हा धूर सरळ आत ओढला गेला. यंत्र बंद करताच तुंबलेले पाणी भळाभळा बाहेर आले. ब्लोअरची ओढ २५ मिमी उंच पाण्याच्या स्तंभाइतकी असेल, तर ट्रॅपमधील पाण्याचा स्तंभ त्याहून उंच हवा. कोरड्या दिवसांत ट्रॅप सुकू शकतो, म्हणून मिरगाच्या आधी त्यात पाणी ओतावे.

फिल्टर तुंबल्यास कॉइलवर बर्फ धरतो, आणि तो वितळला की पुन्हा पाणी सांडते. म्हणून फिल्टर दर महिन्याला धुवावा. पुढे यंत्र बदलाल, तेव्हा गरजेपेक्षा मोठे घेऊ नका, कारण ते खोली लवकर थंड करून बंद पडते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेतला दमटपणा तसाच राहतो.