ट्रेवॉरो जिंकले, कुबिलो हरल्या. कशामुळे?

वाचक_७: ऑस्ट्रेलियातल्या ‘स्टोलन जनरेशन्स’बद्दल, म्हणजे सरकारने घरच्यांपासून तोडून नेलेल्या आदिवासी मुलांबद्दल वाचतोय. ब्रूस ट्रेवॉरो यांना २००७ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाच्या कोर्टाने ५ लाख २५ हजार डॉलर दिले. लोर्ना कुबिलो आणि पीटर गनर मात्र २००० मध्ये हरले. तिघांचीही लहानपणी घरच्यांपासून ताटातूट झालेली. मग फरक कशात? आणि कोर्टात न जाता भरपाई मागायची तर पुरावा कुठला?

कलमबहाद्दर: कुबिलो आणि गनर नॉर्दर्न टेरिटरीतले. तिथे १९१८च्या अध्यादेशाने मूल ताब्यात घ्यायचा अधिकारच अधिकाऱ्याला दिला होता, आणि १९९७च्या क्रूगर खटल्यात हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) तो वैध ठरवला. त्यामुळे ‘माझ्या बाबतीत नियम मोडला’ हे प्रत्येकाला वेगळं सिद्ध करावं लागलं, तेही साक्षीदार वारल्यावर. गनर यांच्या फाइलीत आईच्या अंगठ्याचा संमतीपत्रावरचा ठसा निघाला. तिला त्यातलं किती समजलं होतं, ते विचारायला कोणी उरलं नव्हतं.

ट्रेवॉरोंचं उलटं. १९५७च्या नाताळात १३ महिन्यांच्या बाळाला ॲडलेडच्या इस्पितळात नेलं आणि तिथून आदिवासींचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याने परस्पर दुसऱ्या घरी दिलं. असा अधिकार आपल्याला नाही, हा सल्ला खात्याला आधीच मिळालेला. आईने पत्र लिहून विचारलं, तर ‘उपचार चालू आहेत’ असं उत्तर! हा पत्रव्यवहार जपून ठेवला सरकारनेच. थोडक्यात, कायदाच मूल नेत होता तिथे हात रिकामे. खात्याने कायदा मोडला तिथे भरपाई.

दप्तरी: म्हणून कोर्टाबाहेर भरपाई देणाऱ्या योजना आल्या. १९९७च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालाने देशभरासाठी एकच निधी मागितला होता, झालं राज्यागणिक. टास्मानियाने २००६ मध्ये आधी कायदा केला. न्यू साउथ वेल्सने ७५ हजार दिले (ती योजना २०२२ मध्ये बंद झाली), व्हिक्टोरियाने १ लाख ठरवले. नॉर्दर्न टेरिटरी, कॅनबेरा परिसर आणि जर्व्हिस बे यांसाठी केंद्राने ७५ हजार ठरवले, वर सावरण्यासाठी ७ हजार. रक्कम ठरते ती मूल कोणत्या सरकारने नेलं यावर, आज राहता कुठे यावर नाही. मुदती वेगळ्या, काही संपल्याही आहेत; आधी त्या बघा.

कागदांसाठी लिंक-अप संस्थांकडे जातात. त्या मोफत शोध घेतात, भेटीही घडवून आणतात. एकाच नावाने शोधलं की फसतं: मिशनमध्ये (चर्चने चालवलेल्या वसतिगृहात) नाव बदललेलं, स्पेलिंग तीन प्रकारचं, जन्मतारीख अंदाजाने टाकलेली. आईचं नाव, मिशन, भावंडं, सगळ्या वाटांनी शोधा.

वाचक_७: फाइल मिळाली की थेट त्या माणसाच्या हातात द्यायची?

दप्तरी: एकट्याच्या नको. त्यात आईबद्दल अधिकाऱ्याने लिहिलेले घाणेरडे शेरे असतात. समुपदेशक किंवा घरचं कोणी शेजारी हवं, आणि एका बैठकीत संपवायचा हट्टही नको.